न वाचता लुटलेलं वाण

संक्रांतीचं वाण म्हणून मी एकदा पन्नासेक बायकांना एक पुस्तक वाटलं, आणि ते पुस्तक मी स्वतः वाचलेलं नव्हतं. हा मूर्खपणा पोरवयातला नाही. अठ्ठावन्न पूर्ण करून मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते, केसांना मेंदी लावत होते आणि आता आपण सुसंस्कृत व्हायचं, असं ठरवून बसले होते. माणसानं साठीच्या तोंडावर काही ठरवू नये. नवऱ्यानं त्याच सुमारास योगासनं ठरवली, तो कमरेत अडकला. मी वाचनसंस्कृती ठरवली.

आमच्या साताऱ्याच्या कॉलनीत वाणाची चढाओढ असते. कुणी चहाची गाळणी लुटतं, कुणी प्लास्टिकचे डबे. समोरच्या बंगल्यातल्या वहिनींनी आदल्या वर्षी काचेच्या बरण्या दिल्या होत्या आणि प्रत्येक झाकणावर स्वतःचं नाव घातलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच साखरेवर त्यांचं नाव! ते झाकण मला वर्षभर बोचत होतं. म्हटलं, यंदा असं काहीतरी द्यायचं की यांच्या बरण्या लाजल्या पाहिजेत.

अशा मनःस्थितीत मी बहिणीकडं सांगलीला गेले आणि वर्षाची हळद घ्यायला मार्केट यार्डात शिरले. एका गोदामात पुढं हळदीची पोती होती आणि पोत्यांच्या मागं पार छतापर्यंत पुस्तकांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांपुढं लोखंडी खुर्चीवर एक बाई बसली होती. मनगटावर पुरुषी घड्याळ, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. माझ्याकडं न बघता म्हणाली, "हळद पुढं. मागं पुस्तकं. चुकून आला असाल तर चुकूनच परत जावा."

बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. आता त्या नाहीत; असत्या तर म्हणाल्या असत्या, "माझ्यावर लिहायला तुला कुणी सांगितलं? माझ्या पुस्तकांवर लिही की!"

त्यांचं प्रकाशन म्हणजे त्या एकट्या. वडिलांचा छापखाना होता, तो बंद पडला. यंत्रं गेली, खोड गेली नाही. वर्षा-दोन वर्षांनी एखादं पुस्तक काढायच्या, आणि तेही अशा माणसाचं, ज्याला दुसऱ्या कुणी 'तुम्ही लिहा' म्हटलं नसतं. न विकलेलं सगळं मावसभावाच्या या गोदामात. त्यामुळं पुस्तकांच्या कडा पिवळ्या, बाईंची बोटं पिवळी, आणि पान उलटलं की शिंक ठरलेली. "हळदीमुळं माझ्या पुस्तकांना कसर लागत नाही," त्या म्हणायच्या, "आणि वाचकपण लागत नाही."

पुस्तकाला त्या त्याच्या नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव घ्यायच्या. "कुपवाड संपत आलं." "खंडाळा तसंच पडून आहे." "आटपाडीला कुणी विचारत नाही." नवखा माणूस ऐकत उभा राहिला तर त्याला वाटावं, बाई पावसाचा अंदाज सांगतायत.

आणि राग! बाईंना राग यायचा म्हणणं म्हणजे कृष्णेला पाणी असतं म्हणण्यासारखं. फोन उचलला की 'हॅलो' नाही, थेट, "बोला, काय वाचलंत?" समोरचा अडखळला की फोन बंद. बँकवाले, विमावाले, सगे भाचे, सगळ्यांना एकच प्रश्न. पुस्तकाच्या मागच्या बाजूला कथेचा सारांश, थोरामोठ्यांचे चार गोड शब्द, असलं काही छापायच्या नाहीत. "मागं कशाला लिहायचं ओ? पुढं वाचा की!" एकदा कुठल्याशा संस्थेनं बोलावून शाल-श्रीफळ दिलं. बाईंनी व्यासपीठावरच विचारलं, "माझं कुठलं पुस्तक वाचून सत्कार करताय?" अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला. नारळाची घरी चटणी झाली आणि शाल गोदामात ओलीवर अंथरून त्यावर खंडाळ्याचे गठ्ठे रचले गेले. 'हल्ली कुणी वाचत नाही' असं म्हणणाऱ्यांवर त्यांचा दात होता. "हल्ली म्हणे! कधी वाचत होते हे? यांचे आजे काय रांगा लावून उभे होते काय माझ्या बापाच्या दारात?"

त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं पुस्तक उचललं की पहिली दहा पानं तिथंच, हळदीच्या पोत्यावर बसून वाचायची. मग पटलं तर पुस्तक घरी, नाहीतर नमस्कार.

तर मी उचललं ते आटपाडी. म्हणजे नाव होतं 'चुलीपुढची जागा'. आठवणींचं पुस्तक. मुखपृष्ठावर हिरव्या बांगड्या भरलेला बाईचा हात, हातात फुंकणी. मला वाटलं, जुन्या पद्धतीचा स्वयंपाक, आजीच्या आठवणी, मध्येच एखादी मासवडी. वाणाला यापेक्षा चांगलं काय? बाईंनी मला पोत्यावर बसवलं आणि त्या फोनवर कुणावर तरी ओरडायला लागल्या. मी पहिलं दीड पान वाचलं. सागरगोट्यांचा खेळ चालला होता. पुढची पानं मी कॅशच्या खिडकीत नोटा मोजाव्यात तशी मोजली. अंगठा ओला, फर्र फर्र. झाली दहा.

"याच्या पन्नास प्रती मिळतील का?" मी विचारलं. "संक्रांतीला वाण म्हणून द्यायच्यात."

बाईंनी फोन खाली ठेवला. "हे? हळदीकुंकवाला?"

"हो."

"दहा पानं वाचलीत?"

"वाचली की."

"आणि तरी देणार?"

"तरी म्हणजे? म्हणून तर देणार!"

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी चहा सांगितला. बाईंनी गिऱ्हाइकाला चहा सांगितला हे ऐकून मावसभाऊ गल्ल्यावरून उठून मागं बघायला आला. त्या त्याला म्हणाल्या, "बघून घे. असल्या बायका आहेत अजून." आणि मला, "धाडस लागतं ओ याला."

मला वाटलं, गाळण्यांच्या जमान्यात पुस्तक देण्याचं धाडस. मी मान लववून, हो, चक्क मान लववून म्हणाले, "कुणीतरी सुरुवात करायलाच हवी ना!"

आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

बाईंनी सांगितलं, या पुस्तकाच्या एवढ्याच प्रती शिल्लक आहेत. लिहिणारी आटपाडीकडची, सातवी शिकलेली. "तुझं पुस्तक बायका वाचतील, असा मी तिला शब्द दिला होता. पुरुषांनी दोन-चार परीक्षणं लिहिली, बायकांनी हात लावला नाही. ती अजून विचारते, 'कुनी वाचलं का?' मी विषय बदलते." असं म्हणताना त्यांनी चष्मा पुसला. चष्म्यावर हळद उडाली असेल, असं मला वाटलं. मला तेव्हा काहीही वाटायचं.

हळदीकुंकवाच्या दिवशी माझा हॉल भरला होता. नवरा आतल्या खोलीत कमरेला शेक घेत लपला होता. पुस्तकांना मी चमकता कागद लावला होता, वर तिळगुळाची पुडी. समोरच्या वहिनी पाकीट दाबून बघत होत्या, आत डबा आहे की ताटली. एवढ्यात दारात बाई उभ्या! प्रती घेताना मी तारीख-पत्ता देऊन तोंडदेखलं 'या हं' म्हटलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं होतं. आणि त्यांच्या मागं जाड नऊवारीतली एक उंच, काळीसावळी म्हातारी. धुळीनं भरलेले पाय, हातात कापडी पिशवी.

"लेखिका," बाई म्हणाल्या. "आटपाडीहून आणलीय. म्हटलं, तिला डोळ्यांनी बघू दे."

मला आभाळ ठेंगणं! लेखिका स्वतः, माझ्या हॉलमध्ये, वहिनींच्या नाकासमोर! मी तिला हाताला धरून मधल्या सोफ्यावर बसवलं. कपाळ मोकळं दिसलं. म्हटलं, एवढा एसटीचा प्रवास, घामानं पुसलं असेल. करंडा घेऊन पुढं झाले.

ती जराशी मागं सरकली. "आवं, मला लावताय व्हय?"

"लावते म्हणजे? तुम्ही तर आजच्या मुख्य पाहुण्या!"

मी हळद लावली, ठसठशीत कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. ती डोळे मिटून ताठ बसली होती. बाई दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. रागाचा मागमूस नव्हता.

मग वहिनींनी पाकीट फोडलं. त्यांनी ती गोष्ट केली, जी मी केली नव्हती. पुस्तक उलटं करून मागची बाजू पाहिली. मागं एक अक्षर नव्हतं, पण चित्र होतं. तोच हात, तीच फुंकणी, आणि मनगट भुंडं.

वहिनींनी एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा सोफ्याकडं. "अहो, यांचे मिस्टर...?"

"गेलं," ती म्हणाली. "मिल्ट्रीत व्हतं. लय वर्सं झाली."

एका नव्या सुनेनं पुस्तक मांडीवरून उचलून टीपॉयवर ठेवलं. दुसरीनं आपला पदर सावरला, जणू काही अंगाला लागलंय. आणि मी? हातात करंडा घेऊन, त्या म्हातारीच्या समोर उभी राहून, सगळ्या हॉलला उद्देशून मी म्हणाले,

"अगंबाई! मला माहीत नव्हतं हो! मी पुस्तक वाचलंच नाही!"

हॉलपुढं मी हात झटकत होते. तिला मात्र मी भर सभेत सांगत होते की, माहीत असतं तर तुला लावलं नसतं. बँकेत इतकी वर्षं काढली, एक नोट इकडची तिकडं झाली नाही, आणि त्या एका वाक्यात सगळं घालवलं.

बाई दारातून पुढं आल्या. कुंकवाबद्दल एक शब्द नाही. "वाचलं नाहीस?" तुम्हीवरून सरळ तूवर. "दहा पानंसुद्धा नाही? एवढ्या बायका जमवल्यास, या बाईला आटपाडीहून दोन गाड्या बदलायला लावल्यास, आणि वाचलं नाहीस?" मग हॉलकडं वळून, "आणि तुम्ही ओ? वाचायच्या आधीच खाली ठेवताय? चावतंय काय?"

म्हातारी उठली. पुडी सोडून तिनं एक तिळाचा लाडू तोंडात टाकला, चावला. "ग्वाड झालाय," म्हणाली, आणि बाईंना, "चला. शेवटची गाडी चुकंल." कुंकू तिनं पुसलं नाही. ते लावून, माझ्या फाटकातून, सगळ्यांच्या देखत सरळ चालत गेली.

बायका पांगल्या. पुस्तकं सोफ्यावर, खिडकीत, चपलांच्या मांडणीवर. दोघींनी तर कुंडीत ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाचायला घेतलं. वाचून काही साधायचं नव्हतं; नुसता राग होता. बाईंवर, वहिनींवर, स्वतःवर, तिळाच्या लाडवांवर. दुपारी नवऱ्यानं विचारलं, "जेवायचं?" मी म्हटलं, "तुम्ही करा." तो करायला गेला, म्हणजे माझं तोंड कसं असेल बघा.

त्या पुस्तकात एक प्रकरण आहे. नवरा शहीद झाल्यावर गावानं वेशीवर त्याच्या नावाची कमान उभारली. दर झेंडावंदनाला हिला पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, टाळ्या. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या लग्नात हिला मांडवाच्या मागं, भांड्यांपाशी बसवलेलं. ती लिहिते, कमानीखालून जाताना मी मान वर करत नाही. त्यांचं नाव दगडात आहे, त्याची मला सावली मिळत नाही. कुठं रडगाणं नाही. शिव्या मात्र अशा की वाचताना मी दार लावून घेतलं. अशी पुस्तकं माझ्या घरापासून दोन तासांवर हळदीत पुरलेली होती, आणि मी आयुष्यभर वाढदिवसाला फुलदाण्या घेत होते!

संध्याकाळी मी सगळी पुस्तकं पिशव्यांत भरली आणि कॉलनीत निघाले. दारोदार.

"वहिनी, वाण विसरलात."

"अहो, ते... राहू दे ना तुमच्याकडं."

"असं कसं? वाण टाकून जाणं अशुभ असतं. तुम्हीच म्हणता ना?"

"पण असलं पुस्तक संक्रांतीचं घरात ठेवायचं म्हणजे..."

"न वाचता ठेवलं तर बाधतं," मी म्हटलं. "वाचलं की उतरतं."

हे शास्त्र मी फाटकापासून दारापर्यंत चालताना तयार केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी रूढीचा मला उपयोग झाला. परत करावं तर अपशकुन, ठेवावं तर अपशकुन. बायका अशा कात्रीत सापडल्या की काय सांगू! वहिनींनी ते माळ्यावर टाकलं. पण त्यांच्या सासूबाई, त्यापण विधवाच, त्यांनी नातवाला माळ्यावर चढवून खाली काढून घेतलं, असं महिन्याभरानं कळलं. त्या रस्त्यात माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "अजून आहेत का गं, असली?"

अजून! मी बाईंना फोन लावला.

"बोला, काय वाचलंत?"

"आटपाडी."

पलीकडं लोखंडी खुर्ची करकरली. मग, "दहा पानं?"

"दोनदा. अख्खं."

"खोटं बोलायची सवय आहे तुला. ये इथं. विचारते."

गेले. बाईंनी पोत्यावर बसवून तासभर उलटतपासणी घेतली. त्यात मी जेमतेम पास झाले असणार, कारण चहा मिळाला नाही, पण खंडाळा मिळालं. आमच्याच साताऱ्याकडच्या, घाटाखालच्या गावातल्या एका सुईणीच्या आठवणी. हसून पोट दुखतं आणि मध्येच एका पानावर हसू घशात अडकतं. मग कुपवाड. एका फाउंड्रीत शेजारी शेजारी काम करणाऱ्या आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांची कादंबरी. ती वाचून मी रात्री झोपलेल्या नवऱ्याला उठवून विचारलं, "तुम्ही तुमच्या भावाशी शेवटचं कधी बोललात?" तो म्हणाला, "तू कादंबऱ्या वाचायच्या बंद कर." दुसऱ्या दिवशी त्यानं भावाला फोन केला.

असं करत मी आणि वहिनींच्या सासूबाई, आम्ही ते गोदाम वाचत सुटलो. दर खेपेला बाई भांडायच्या. मी 'सुंदर' म्हटलं की त्या म्हणायच्या, "साडी आहे काय?" मी 'वाचनीय' म्हटलं की पुस्तक हातातून काढून घ्यायच्या. "म्हणजे काय वाचनीय? खाणीय, पिणीय तसं? काय घडलं तुला, ते सांग!" रडले म्हटलं तर विचारायच्या, "कुठल्या ओळीला?" त्यांच्या धाकानं मी वाचायला शिकले. प्रेमानं शिकवणारे पुष्कळ भेटले आयुष्यात, त्यांनी शिकवलेलं एक आठवत नाही. माझी नात म्हणते, "आजी, तू पुस्तकावरून केवढी चिडतेस!" चिडणारच. पुस्तकं होती, मी होते, मधे फक्त हळदीची पोती होती, आणि साठ वर्षं वाया गेली.

पण मनातला काटा निघत नव्हता. शेवटी उन्हाळ्यात बाईंना म्हटलं, मला आटपाडीला न्या. एसटीत त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"ओटीचं सामान. खण, नारळ. आणि चांदीचा करंडा."

"कशाला?"

"चूक सुधारायची आहे. सगळ्या गावासमोर लावणार त्यांना."

"करंडा पिशवीतच ठेव," बाई म्हणाल्या. "पुस्तक वाचलंयस ना? तेवढं घेऊन चल."

मी ऐकलं नाही. पुस्तकं वाचून शहाणपण येतं, ही अफवा आहे.

ती कमान आली, तिच्याखालून आम्ही गेलो. डाळिंबाच्या बागेकडेला घर होतं. म्हातारीनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी सांगितलं की, माझ्या कॉलनीतल्या पन्नास घरांत तुमचं पुस्तक आहे, आणि निम्म्या बायकांनी तरी ते वाचलंय, काहींनी लपून. हातातली कपबशी तिनं खाली ठेवली. बाई भिंतीकडं बघत होत्या. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मी उठले, पदर खोचला, करंडा उघडला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "त्या दिवशी माझ्या तोंडून जे गेलं, त्याची माफी मागायला आलेय. आज जाणूनबुजून लावते. कपाळ पुढं करा."

तिनं माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. म्हणाली, "त्यो करंडा ठिवा आत. कुकवाची हौस आसती, तर म्या बाजारातनं इकत आनलं आसतं, दुकानदार काय न्हाई म्हनतुय व्हय? म्या पुस्तक लिवलंय. त्यातलं काय पटलं न्हाई, कुटं खोटं वाटलं, कुटं म्या सोताची लाज झाकली, त्ये बोला. न्हाईतर च्या प्या आन् गप जावा, म्हशीच्या धारंची येळ झालीया माजी."